अबोलीसाठी दोन कळशा

रोवळीतल्या तांदळाचं पहिलं पाणी काढून झालं होतं, दुसरं अजून ओतायचं होतं. पहिलं पाणी अळवाला, दुसरं आमटीला, ही तुळसाकाकींच्या घरची उन्हाळ्याची वाटणी. तिसऱ्यांदा तांदूळ धुवायची चैन वैशाखात परवडत नाही. त्यांनी तांब्या उचलला आणि तेवढ्यात गडग्यापलीकडून सिडनीची हाक आली.

"वैनी! भायर येवन बघ गो जरा, तुझी आबोली कशी फुललीहा ती!"

तांब्या हातात तसाच धरून काकी बाहेर आल्या. गडगा म्हणजे दोन्ही घरांच्या मधली जांभ्या दगडाची कमरेएवढी भिंत. तिच्यापलीकडे सिडनी रोझारियो खांद्यावर ओला टॉवेल टाकून उभा होता. उभा जन्म जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढलेला हा माणूस आता सत्तरीला आला होता, पण सकाळी कुणाची तरी थट्टा केल्याशिवाय त्याला चहा जात नसे. आज पाळी काकींची होती.

अबोली खरंच फुलली होती. पंधरवड्यापूर्वी माना टाकून पडलेली रोपं ताठ झाली होती आणि वाफाभर केशरी झुबके डोलत होते.

"देवीची कृपा," काकी म्हणाल्या.

"देवीची कृपा आसाच. पण माझी पण थोडी धर," सिडनी म्हणाला. "दिसाक दोन दोन वेळा आंगोळ करतंय मी, ती कित्याक? तुझ्या आबोलीक पाणी व्हया म्हणानच ना! आता हार घालताना देवीक सांग, ह्येच्यात सिडनीचो पण हिस्सो आसा."

"सकाळीच मस्करी नको रे."

"मस्करी? डोरथी, आयकलंस? तुझी मैतरीण मस्करी म्हणता."

धुण्याच्या दगडाशी डोरथी वाकलेली होती. तिने वर पाहिलं. "मस्करी खंयची? पिंपातला पाणी न्हाणयेचाच नाय गो ता, तुळशे? तुका ठावक नाय?" एवढं बोलून तिने काकींचा चेहरा पाहिला आणि तिचा साबणाचा हात कपड्यावरच थांबला.

गडग्यावर दोन कळशा होत्या. एक काकींनी उजाडताच अबोलीला घातली होती. दुसरी भरलेली होती, आणि ऊन चढायच्या आत तीही घालायची होती. काकींनी ती कळशी एका हाताने धरली आणि पलीकडे, डोरथीच्या अंगणात, उपडी करून सोडून दिली.

पाणी भसकन वाळूवर पडलं आणि गेलं. किनाऱ्याची वाळू ती, ओल सुद्धा धरून ठेवत नाही.

सिडनी टॉवेलाने तोंड पुसत राहिला, तोंड कोरडं होतं तरी. डोरथी उठली, तिने वाळूत पडलेली कळशी उचलली, फ्रॉकच्या काठाने पुसली आणि गडग्यावर नीट पालथी घालून ठेवली. मग ती पुन्हा दगडाशी जाऊन वाकली.

काकी घरात आल्या तेव्हा तांब्या अजून त्यांच्या हातातच होता.

*

तुळसाकाकी मूळच्या सावंतवाडीच्या वरच्या अंगाच्या, डोंगराच्या पायथ्याच्या गावच्या. त्यांच्या माहेरी घरामागून पाट वाहायचा. पाण्याला बंधन म्हणून नव्हतं. भांडी घासायला बसलं तरी पाण्याचा आवाज कानाला साथ करायचा. विसाव्या वर्षी त्या लग्न होऊन तोंडवलीजवळच्या या वाडीत आल्या तेव्हा सासूने पहिल्या दिवशी त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. एक, न्हाणीतून निघणारी पन्हळ, जी माडांना आणि अळवाला जाते. दुसरी, तुळशीजवळचा अबोलीचा वाफा. "पन्हळीचा पाणी इकडे येता नये," सासू म्हणाली होती. "ही देवाची फुलां. हेंका विहिरीचा पाणी, भरलेल्या कळशेतला." तुळसाकाकींनी तो शब्द चाळीस वर्षं पाळला.

आणि वाफ्याला नवसाची जोड मिळाली ती गौरजेच्या आजारपणात. मुलगी चार वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी तिने डोळे उघडले नाहीत तेव्हा काकी अनवाणी सातेरीच्या देवळात गेल्या आणि म्हणाल्या, आई, ही उठली तर माझ्या परसातली, माझ्या हाताने शिंपलेली अबोली रोज तुझ्या पायाशी येईल, माझे हात चालतायत तोवर. गौरजा उठली. आज ती जामसंड्याला शाळेत शिकवते, तिला स्वतःची मुलं आहेत. आणि सोयर-सुतकाचे, विटाळाचे दिवस सोडले तर चौतीस वर्षांत एक सकाळ अशी गेली नाही की देवीला अबोली पोचली नाही. अप्पा, काकींचे यजमान, गेले तेव्हाही चौदाव्या दिवशी त्या हार घेऊन देवळात हजर होत्या.

सहा वर्षांमागे विहीर मचूळ झाली. आधी वैशाखाच्या शेवटी, मग दर साली थोडी आधी; यंदा होळीलाच पाणी जिभेला लागलं. त्या पाण्याने अबोलीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. नळ दिवसाआड अर्धा तास येतो, दोन हंडे आणि एक बादली भरते न भरते तोच सूं करून बंद. त्यातून प्यायचं, शिजवायचं आणि आंघोळीचं. आंघोळ टाळता येत नव्हती, कारण पारोशा अंगाने देवीच्या फुलांना हात लावायचा नाही. म्हणजे फुलं खुडायला आंघोळ हवी, आंघोळीला बादली हवी, आणि तीच बादली वाफ्याला मिळाली असती तर फुलं आली असती. ही गाठ काकींना सुटत नव्हती. त्या बादलीतून अर्धं पाणी काढून अबोलीला घालत आणि उरलेल्यात गंगा-यमुनेची नावं घेत कशीबशी न्हात. एक दिवस त्यांना न्हाणीतच चक्कर आली, आणि आवाज ऐकून डोरथी धावत आली.

दोघी एकाच वर्षी या वाडीत नवऱ्या होऊन आल्या होत्या. डोरथी गोव्याकडची, तुळसा डोंगराकडची, दोघींनाही इथली वाळू नवी. एकीची चूल विझली तर दुसरीकडून निखारा जायचा. अप्पा गेले तेव्हा पेजेचा टोप गडग्यावर ठेवून डोरथी लांब उभी राहायची, काकींनी तो उचलला की मगच घरात जायची.

काकींना खाटेवर झोपवून डोरथी तेव्हा म्हणाली होती, "तुळशे, अशान तू मरशीत, आणि देवी तुझ्या नावान हार घालूक येवची नाय. माझ्याकडसून दोन कळशे न्हे. झाडांचा पाणी आसा, झाडांकच घाल. चुलीकडे न्हेव नको."

दुसऱ्या दिवसापासून काकी संध्याकाळी दोन रिकाम्या कळशा गडग्यावर ठेवायच्या आणि सकाळी त्या भरलेल्या मिळायच्या. पाणी स्वच्छ असायचं. किंचित वास यायचा, सोडणाचा, म्हणजे नारळाच्या भिजलेल्या सालीचा. काकींना वाटलं, डोरथीची विहीरही थोडी मचूळ झाली असेल, म्हणून चुलीकडे नेऊ नको म्हणाली. विचारलं नाही. दिलेल्या पाण्याची चौकशी करायची नसते, असं त्यांना वळण होतं.

खरं तर डोरथीच्या परसात काय आहे ते सगळ्या वाडीला माहीत होतं. न्हाणीचं आणि धुण्याच्या दगडाचं पाणी तिने एका खड्ड्यात घेतलं होतं. खड्ड्यात खाली मोठे दगड, वर जांभ्याची खडी, मग चुलीतला कोळसा, मग सोडणं, आणि काठाला कर्दळ. त्यातून झिरपलेलं पाणी जमिनीत पुरलेल्या पिंपात उतरायचं. पावडरीने कपडे धुतले की ती पन्हळ माडांकडे वळवायची, बाकी दिवशी पिंपाकडे. पिंपातलं पाणी दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवायची नाही, वास मारतं म्हणून. त्यावर तिची मिरची, भेंडी, शेवंती जगत होती. काकींनी पिंप पाहिलं होतं, झाकणासकट. पण काकींना देवळाची वाट आणि नळाची वेळ याशिवाय हल्ली काही दिसतच नव्हतं.

*

कळशी उपडी केली त्या दिवशी काकींनी हार नेला नाही. विटाळ-सुतक नसताना, चौतीस वर्षांत पहिल्यांदा. वाफ्यात फुलं डोलत होती, पण ती कशी न्यायची? आणि अकरा दिवस नेलेली होती त्याचं काय? त्या देवघरासमोर बसून राहिल्या. ज्या अंगावरून पाणी गेलं ते सिडनीचं, डोरथीचं. त्या पाण्यावरची फुलं आपण देवीच्या पायाशी घातली. आणि या विचारांच्या खाली आणखी काहीतरी होतं, वाळूवर पाणी पडल्याचा भसकन झालेला आवाज. तो त्या ऐकायला तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी नळ आला. काकींनी एक हंडा पुरा वाफ्याला घातला आणि उरलेल्यात प्यायचं, आंघोळ आणि पेज भागवली. गडग्यावर रिकाम्या कळशीशेजारी ती कळशी पालथीच होती. काकींनी ती उचलली नाही, डोरथीनेही नाही. पलीकडे सिडनीच्या खोकल्याचा आवाज यायचा, हाक नाही.

संध्याकाळी गौरजेचा फोन आला. तिला आईच्या आवाजावरून कळलं. थोडं थोडं करून तिने पाण्याची गोष्ट काढून घेतली आणि हसलीच.

"आई, त्यात काय बिघाडला? आमच्या शाळेत हात धुवच्या पाण्यावर भेंडी करतत पोरां."

"तुमची भेंडी देवीक व्हावत नाय," काकी म्हणाल्या.

"बरा, नाय व्हावत. पण डोरथीमावशी काय म्हणाली? तिका वाईट नाय ना वाटला?"

"काय म्हणतली?" काकींनी विषय वळवला. "उद्यां देवीक कौल लावतलंय. पोरांका सुट्टी कधी?"

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कळशीचं आपण सांगितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी वाफा पुन्हा मलूल झाला. वाळूत एका हंड्याचं ते किती पुरणार? न्हाणीचं पाणी न लागलेली म्हणता येतील अशी फुलं आता उरलीच नव्हती. तरी काकींनी नळाच्या पाण्यावर उमललेली म्हणून सात-आठ फुलं वेचली, बोटभर वळेसर, म्हणजे छोटा गजरा, केला आणि त्या देवळात गेल्या. हार घालायला नाही, कौल घ्यायला.

सातेरीच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. वारूळ आहे, पुरुषभर उंच, आणि त्याला चांदीचा मुखवटा. बाबली गुरव झाडलोट करत होता. सभामंडपात वाडीतल्या दोन बायका वाती वळत बसल्या होत्या. काकींना पाहून बाबली म्हणाला, "दोन दीस खंय होतंस, काकी? देवीन गळो मोकळो ठेवल्यान. बरा नाय काय?"

"बरी आसंय. कौल लाव माझ्यासाठी."

बाबलीने पाषाण पुसला, पाकळ्या ओल्या करून उजवीकडे आणि डावीकडे चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. "सांग. काय इचारू?"

काकींनी मागे बसलेल्या बायकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांग, की माझ्याकडसून चुकान दुसऱ्याच्या घरचा वापरलेला पाणी तुझ्या फुलांक गेला. ती फुलां तुका पावली काय? आणि फुडे काय करू?"

बाबलीने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "गे माये, ही तुझी लेक तुळसा, चौतीस वर्सां तुझी सेवा करता. चुकान तिच्याकडसून काय झाला ता तिणां तुझ्या पायाकडे ठेवल्यान. आता तूच सांग." बायका वाती वळायच्या थांबवून "होय माये" म्हणाल्या.

पाकळ्या हलल्या नाहीत.

एरवी पाचेक मिनिटांत पाणी सुकतं आणि एखादी तरी घसरते. आज बाबलीने दोनदा समई सारखी केली, एकदा बाहेर जाऊन पान थुंकून आला. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. काकी वारुळाकडे बघत बसल्या. लहानपणी त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं त्यांना आठवलं, की वाळवी ओली माती तोंडात मळते आणि कणाकणाने ती वर रचते. म्हणजे हे सगळं कुणाच्या तरी तोंडातून आलेलं. आणि याच्यापुढे आपण सोवळ्याने येतो. हा विचार पाप आहे का पुण्य, ते त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे डोरथी आली, फ्रॉकच्या काठाने कळशी पुसताना.

"काकी," बाबली जवळ येऊन बसला. आवाज त्याचा हळू होता. "आज कायच बोलना नाय ती. गाऱ्हाणा अर्धा रवला काय? काय सांगूचा रवला आसात तर सांग. अर्ध्यावर ती खंयच्या बाजून बोलतली?"

काकींनी पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला.

"पाणी डोरथीचा," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज खाली आणला नाही. वाती वळणाऱ्या बायकांनाही ऐकू गेलं. "रोझारियोंच्या न्हाणयेचा. तिणां माका फसवूक नाय. झाडांचा पाणी म्हणान सांगूनच दिल्यान, मीच इचारूक नाय. माका न्हाणयेत भोवळ इली तेव्हा तीच धावत इल्ली. आणि ज्या दिसा माका कळला त्या दिसा मियां भरली कळशी तिच्या दारात, तिच्या डोळ्यांदेखत, सांडलंय. वैशाखात. ती एक शबूद बोलूक नाय. कळशी पुसून ठेवल्यान."

एका बाईच्या तोंडून "अगो बाय" निघालं आणि दुसरीने तिला कोपराने गप्प केलं.

बाबलीने पाषाणाकडे पाहिलं. पाकळ्या अजूनही तशाच होत्या, आता पार सुकून चिकटलेल्या. त्याने नखाने त्या अलगद सोडवल्या. "नव्यान लावू? आता पुरा गाऱ्हाणा घालतंय."

पाणी चालेल की नाही, हा काकींचा प्रश्न होता. तीन दिवस त्यांनी तो उराशी धरला होता. आता तो विचारायचा म्हणजे डोरथी चालते की नाही, हे चारचौघांत देवीला विचारायचं. आणि त्यांच्या ध्यानात आलं, की कळशी उपडी करताना उत्तर आपणच देऊन टाकलं होतं. देवीने ते दिलं नव्हतं.

"नको," त्या म्हणाल्या. "देवीक आज तरास देव नको."

त्यांनी बोटभर वळेसर बाबलीच्या हातात दिला. बाबलीने तो मुखवट्यावर घातला. एवढ्याशा फुलांनी एक बाजूसुद्धा भरली नाही. त्याने सुकलेल्या पाकळ्या प्रसाद म्हणून काकींच्या ओंजळीत ठेवल्या.

"उद्यां हार हाडशीत मा?" त्याने विचारलं.

"पाणी गावला तर हाडतलंय."

*

घरी पोचेपर्यंत दुपार कलली होती. काकींनी पाकळ्या देवघरात ठेवल्या, पायांवरची वाळू झाडली आणि परसात आल्या. वाफ्यातली रोपं माना खाली घालून उभी होती. आज रात्रीपर्यंत पाणी मिळालं नाही तर त्यांतली अर्धी उद्या उठणार नव्हती, हे काकींना कुणी सांगायला नको होतं.

त्या गडग्याशी गेल्या. पालथी कळशी उन्हाने तापली होती. तिच्या बुडावर माडाचं एक वाळकं फूल पडलं होतं. पलीकडे डोरथीच्या न्हाणीचं दार लोटलेलं होतं आणि आत कुणीतरी अंगावर पाणी घेत होतं. पन्हळीतून पाणी खड्ड्यात उतरल्याचा आवाज येत होता, माहेरच्या पाटासारखा नाही, पण पाण्याचाच. सिडनीची दुसरी आंघोळ असणार.

काकींनी कळशी उचलली आणि सुलटी केली. गडग्यावरून हाक मारता आली असती. चाळीस वर्षं तशीच मारली होती. पण कळशी घेऊन त्या आपल्या घराच्या पुढच्या अंगणात आल्या. तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. गौरजा होती.

"आई, कौल काय पडलो?"

"पडाक नाय."

"मगे? आता काय करतलंस?"

"मगे सांगतंय. आता वेळ नाय, पायांत व्हाणो घालतंय."

"ह्या उन्हाचा खंय चललंस?"

"रस्त्यान जातंय, फाटकातसून," काकी म्हणाल्या. "डोरथीकडे. तिच्या पिंपातला कळशीभर पाणी मागूक."